घरी वाजवायला जुन्या धाटणीचा टोन: एचएसएस गिटारमध्ये कोणते पिकअप टाकावेत?

गंजगोलाई_सहातारा (लातूर)

राम राम मंडळी. पिकअप बदलायचं ठरवलंय, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढायलाय. आधी गिटारची माहिती देतो.

स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची गिटार. मानेकडे आणि मधे एका गुंडाळीचे पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, ब्रिजला दोन गुंडाळ्यांचा हंबकर. यालाच एचएसएस म्हणतात. एक व्हॉल्यूम, एक टोन, पाच खटक्यांचा स्विच (१ ब्रिजकडे, ५ मानेकडे). मल्टीमीटरवर मानेचा आणि मधला ६.९ किलोओम दाखवतो, ब्रिजचा १४.८. सिंगल कॉइल उलटे करून पाहिले तर खाली काळी चुंबकपट्टी चिकटवलेली आहे. व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या दोन्ही पॉटवर बी५००के छापलंय. तारा ०.०१० च्या.

वाजवणं सगळं घरीच, दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री जेवणं उरकल्यावर. म्हणजे ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन. केबल दीड मीटरची. मेटल वाजवत नाही. पाहिजे ते असं: साठच्या दशकातला घंटेसारखा क्लीन, पन्नासच्या दशकाच्या शेवटचा जाडसर ब्लूज, आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेसंगीतात ऐकू येते तशी किंचित फाटलेली, नाकात बोलणारी गिटार. सध्या क्लीन कानाला टोचतो आणि ब्रिजचा हंबकर गाळात रुतल्यासारखा वाटतो.

चुंबक अल्निको २ चा घ्यावा, ३ चा की ५ चा? एचएसएसच ठेवावं की तिन्ही सिंगल करावेत? हंबकरच्या मापाचा पी-९० कसा? शिवाय लाइट गेली की इन्व्हर्टरवर गुणगुण दुप्पट होते, तर सिंगल कॉइलवर पैसे घालून पस्तावणार तर नाही ना? बजेट १२ हजार. फिटिंग स्वतःच करणार, सोल्डर मारता येतो.

तांब्याचीतार (छत्रपती संभाजीनगर)

पिकअपच्या आधी तुमच्या केबलबद्दल बोलू, कारण तुमचं निम्मं दुखणं तिथं आहे.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी तार. तिला इंडक्टन्स असतो आणि केबलला कपॅसिटन्स. दोघं मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर उंचवटा तयार करतात, त्याच्या पुढे आवाज झपाट्यानं उतरतो. हा उंचवटा कुठे आणि किती टोकदार, यावरच पिकअपची बरीचशी ओळख ठरते. जुन्या पद्धतीचा स्ट्रॅट पिकअप साधारण २.४ हेन्रीचा धरा. साधी केबल मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असते. पाच मीटर केबल आणि पिकअपची स्वतःची गुंडाळी मिळून ६०० पिकोफॅरॅड झाले, तर उंचवटा ४.२ किलोहर्ट्झवर येतो. तुमच्या दीड-दोन मीटरच्या केबलवर एकूण ३०० भरतात आणि तोच पिकअप ५.९ किलोहर्ट्झवर जाऊन बसतो. साठच्या दशकात लोक लांबलचक, गुंडाळीच्या केबली वापरायचे. तुम्ही ऐकलेला तो घंटेसारखा आवाज त्या केबलीसकट आहे. घरात छोटी केबल थेट इंटरफेसला लावली की महागातला पिकअपही टोचणार.

त्यात तुमचे पॉट ५०० किलोओमचे. सिंगल कॉइलला २५० चा भार अपेक्षित असतो, भार हलका झाला की उंचवटा आणखी टोकदार होतो. इंटरफेसवर गिटार ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुटलाच लावा, त्याचा भार १ मेगाओमच्या घरात असतो. लाइन इनपुटला लावली तर उलटा त्रास: तिथला भार १० किलोओमच्या आसपास, सगळा टिपेचा भाग मरतो आणि माणूस पिकअपला शिव्या देतो.

तेव्हा आधी फुकटात जमण्यासारखा प्रयोग करा. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानातून ४७१ कोडचा सिरॅमिक डिस्क कपॅसिटर आणा, म्हणजे ४७० पिकोफॅरॅड. गिटारच्या जॅकवर टोक आणि अर्थ यांच्यामधे तात्पुरता टाका. तेवढ्यानं तुमची दीड मीटर केबल सहा मीटरसारखी वागायला लागेल. ऐका आणि मग बोलू.

आता खरेदी. किलोओमच्या आकड्यावर पिकअप निवडू नका. तो फक्त तारेचा डीसी रोध. बारीक तार वापरली तर तेवढ्याच वळशांत आकडा चढतो, आवाज चढत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला ६.० दाखवणारा पिकअप आपल्याकडे मे महिन्यात ४१ अंशाला ६.५ दाखवतो. उन्हाळ्यात मोजून ‘हा तर हॉट (जास्त वळशांचा) निघाला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. इंडक्टन्स मोजणारा मीटर मिळाला तर तो आकडा जास्त खरं बोलतो. ढोबळमानानं जुन्या धाटणीचा स्ट्रॅट पिकअप २.२ ते २.५ हेन्री, जुना गिब्सन पद्धतीचा हंबकर ४ ते ४.५, पी-९० त्याहून वर. तुमचा १४.८ चा सिरॅमिक ८ हेन्रीच्या आसपास असेल, म्हणजे त्याच ६०० पिकोफॅरॅडवर उंचवटा २.३ किलोहर्ट्झला. गाळात रुतल्यासारखा वाटतो तो म्हणूनच.

यातूनच माझं मत निघतं: घरी अनेक प्रकारचे आवाज काढायचे असतील तर कमी वळशांचे पिकअप घ्या. उजळ पिकअपला कपॅसिटर लावून खाली आणता येतं. २.४ हेन्रीच्या सिंगलवर ४७० पिकोफॅरॅड जोडले की उंचवटा ४.२ वरून ३.१ किलोहर्ट्झवर येतो, जुना हंबकर नेमका याच भागात असतो. १ नॅनोफॅरॅड, म्हणजे कोड १०२, जोडला तर २.६ वर. उलट जास्त वळशांच्या पिकअपमधून जो टिपेचा भाग येतच नाही, तो इक्वलायझरनं उचलायला गेलात की नुसती सरसर वर येते.

मानेला आणि मधे अल्निको ५ चे, ५.८ ते ६.५ किलोओमचे सिंगल घ्या. मधला उलट वळणाचा आणि उलट चुंबकाचा असलाच पाहिजे, म्हणजे खटका ४ वर (मधला आणि मान एकत्र) गुणगुण कटते. एक ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे सेमूर डंकनचा एसएसएल-१, ६.५ किलोओमचा, त्याचा उलट वळणाचा मधला वेगळा मिळतो. ब्रिजला हंबकरच ठेवा, पण ८ किलोओमच्या आसपासचा, अल्निकोचा, चार वायरींचा.

आणि ५०० च्या पॉटवर सिंगल कसे चालवायचे? ब्रिजला हंबकर असल्यामुळे पॉट ५०० चेच राहू द्या. पाच खटक्यांच्या स्विचला दोन बाजू असतात. तुमचा टोन एकच आणि तो व्हॉल्यूमवरूनच जात असेल, तर दुसरी बाजू मोकळी आहे. तिचा कॉमन व्हॉल्यूमच्या गरम टोकाला, म्हणजे सिग्नल येतो त्या पायाला, जोडा. मधल्या आणि मानेच्या पिकअपचे तिथले दोन पाय एकमेकांना जोडून एका ४७० किलोओमच्या रेझिस्टरमधून अर्थला न्या. सिंगल निवडला की ५०० आणि ४७० मिळून २४२ होतात, एकटा हंबकर निवडला की पुन्हा ५००. रेझिस्टर पाव वॅटचा चालतो, रुपया-दोन रुपयांचं काम.

बेंजोवाला (नांदेड)

वरचं गणित मान्य, पण निवड फार सोवळी झाली राव. प्रश्नकर्त्याला नाकात बोलणारी, फाटकी गिटार पाहिजे. ते काम ब्रिजच्या पी-९० चं आहे.

पी-९० हा १९४६ पासूनचा पिकअप. एकच रुंद, बसकी गुंडाळी, ४२ गेजच्या तारेचे सुमारे १०,००० वळसे, तळाशी दोन चुंबकपट्ट्या आणि मधून लोखंडी स्क्रू. रुंद गुंडाळीमुळे तारेचा जास्त लांबीचा तुकडा त्याला ऐकू जातो. मधला भाग पुढे येतो आणि ॲम्प थोडा जरी ढकलला तरी गुरगुरतो. हंबकरच्या मापात मिळतो, म्हणजे पिकगार्ड कापायची गरज नाही. त्या मापात गुंडाळी थोडी उंच आणि अरुंद करावी लागते, त्यामुळे मूळ पी-९० चा फुगीरपणा सगळा येत नाही. तरी हंबकरपेक्षा तो जुन्या फझच्या (आवाज फाडणाऱ्या इफेक्टच्या) आवाजाला जास्त जवळचा.

अल्निकोबद्दल. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू, नाव त्यावरूनच पडलं. ५ चा ओढा जोरकस, आघात कडक, तळ घट्ट. २ मऊ, आघाताची धार बोथट. ३ सगळ्यात अशक्त. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या टेलिकास्टरमधे तोच होता. मानेच्या सिंगलला हेडफोनवर टोचणं नको असेल तर २ चा विचार करा, तिथं ५ च पाहिजे असं काही नाही. पण चुंबकाचा नंबर वाचून सगळा टोन ठरवणारे लोक आणि नुसता धन्याचा वास घेऊन काळा मसाला ओळखणारे लोक सारखेच. वळसे, गाभा लोखंडी आहे की चुंबकाचाच, झाकण कोणत्या धातूचं, हे सगळं एकत्र बोलतं.

तुमच्या सध्याच्या सिंगलमधे गाभे लोखंडी आहेत आणि खाली सिरॅमिक पट्टी. लोखंडामुळे इंडक्टन्स वाढतो आणि भोवरी प्रवाहांमुळे उंचवटा दबतो. जुन्या स्ट्रॅटमधे गाभे म्हणजेच चुंबक. म्हणून किलोओम जवळपास सारखे असूनही आवाज वेगळा. नवीन घेताना टाचणी लावून पाहायचं नाही, दोन्हीकडे चिकटते. उलटा करून पट्टी आहे का ते पाहायचं.

जाता जाता: आपल्या बेंजो पार्ट्यांच्या इलेक्ट्रिक बेंजोतही हेच तत्त्व. पोलादी तारा, खाली चुंबक आणि गुंडाळी. मिरवणुकीतल्या बेंजोचा जो नाकातला आवाज, त्यात जास्त वळशांची गुंडाळी आणि कोंबलेला ॲम्प दोन्ही आले. तेव्हा ‘नाकात बोलणारी’ पाहिजे म्हणताना अर्धा वाटा ॲम्पचा हे विसरू नका. लॅपटॉपवर ॲम्प निवडताना गेन कमी आणि मिड वर ठेवा, फझ त्याच्या आधी.

पन्नास_हर्ट्झ (परभणी)

पी-९० घ्या नाहीतर सोन्याचा घ्या, घराची अर्थिंग धड नसेल तर हेडफोनमधे डासच ऐकू येणार. थोडं सविस्तर सांगतो, कारण यात जिवाचाही प्रश्न हाय.

गुणगुण दोन जातींची. एक जाड, खर्जातली, ५० आणि १०० हर्ट्झची. ती ट्रान्सफॉर्मर, ॲडॉप्टर, इन्व्हर्टर यांच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट गुंडाळीत शिरते. दुसरी बारीक, चरचरीत. ती पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर यांची. तांब्याची टेप मारून आतली खोबण बंद केली की दुसरी कमी होते, पहिली होत नाही. पहिलीवर इलाज म्हणजे हंबकर, उलट वळणाचा मधला पिकअप, नाहीतर सरळ लांब सरकणं. गिटार हातात घेऊन खुर्चीवर हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण पार खाली येते. ती जागा लक्षात ठेवा, खुर्ची तशीच लावा. याला खर्च शून्य.

तारांना हात लावून पाहा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर गिटारची अर्थ तार ठीक आहे, शील्डिंग कमी पडतंय. हात लावल्यावर वाढला, किंवा तारांना बोटं लावली की झिणझिण्या आल्या, तर लगेच थांबा. गिटार बाजूला ठेवा आणि सॉकेट तपासून घ्या. मल्टीमीटर एसी व्होल्टवर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमधे पंधरा-वीस दिसायले तर वायरमन बोलवा. स्वतः मोजायची सवय नसेल तर हे मोजणंही त्यालाच करू द्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थ पिन तोडायची नाही. कधीच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास होणारी गोष्ट: काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरती उरते. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर मार्चपासून आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतत जा.

मग लॅपटॉप. दोन पिनी चार्जरवर लॅपटॉपची बॉडी हवेत लटकलेली असते, गळतीचा प्रवाह इंटरफेसमधून गिटारपर्यंत येतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहा. आवाज गेला तर पिकअपचा दोष नाही. लाइट गेल्यावर दुप्पट होते म्हणता, म्हणजे इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा दिसतोय. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, इंटरफेस यूएसबीवरच चालू द्या आणि त्या खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण वर करा. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेणं हा पिकअपच्या बजेटमधला विषय नाही.

एकट्या पी-९० ला खटका १ वर गुणगुण राहणारच. रात्री शांत खोलीत, हेडफोनवर, फझ लावून ती किती सोसवते ते तुमचं तुम्ही ठरवा.

गंजगोलाई_सहातारा (लातूर)

सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी करून पाहिल्या. जॅकवर ४७१ टाकला, क्लीनचं टोचणं बरंच कमी झालं. चार्जर काढल्यावर बारीक चरचर गेली, जाड गुणगुण राहिली. न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट.

हंबकर उघडून पाहिला, त्याला चार वायरी आणि उघडी अर्थ तार आहे, पण रंगांचा कोड कुठे लिहिलेला नाही. दोन सिंगल आणि एक नामांकित हंबकर मिळून बजेटच्या बाहेर जायलंय. आत्ता सिंगल घेऊन हंबकर नंतर घेतला तर चालेल का? की याच हंबकरमधे सिरॅमिक काढून अल्निको चुंबक बसवू?

ड्रायसोल्डर (बीड)

चुंबक बदलून १४.८ चा हंबकर जुना होत नाही. वळसे तेवढेच राहतात, उंचवटा जवळपास तिथंच. त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा चार वायरी आहेत तर दोन्ही कॉइल समांतर जोडा. सिरीजमधे ८ हेन्री असेल तर समांतर केल्यावर साधारण २ हेन्री होतो, रोध ३.७ किलोओम. आवाज कमी, पण स्वच्छ, सिंगलच्या जवळचा, आणि गुणगुण कटलेलीच राहते. आजच्या घडीला ब्रिजचा हा सगळ्यात स्वस्त सुधार. पुश-पुल पॉट (बटण ओढलं-दाबलं की स्विचचं काम करणारा) टाकलात तर सिरीज आणि समांतर दोन्ही हाताशी.

रंगांचा कोड नसेल तर असा शोधा. मीटर २० किलोओमवर. चार वायरींतल्या ज्या दोघींत साधारण ७.४ दिसेल ती एक कॉइलची जोडी, उरलेली दुसरी. मग एका जोडीवर मीटर लावा आणि त्याच कॉइलच्या गाभ्यांवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टपकन टेकवा. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडतो. कोणती प्रोब कोणत्या रंगावर असताना वर उडाला ते लिहा. दुसऱ्या कॉइलवर तेच करा. दोन्हीकडे ‘वर’ दाखवताना लाल प्रोब ज्या वायरीवर होती, त्या दोन्ही एकाच बाजूच्या. समांतरसाठी त्या दोघी एकत्र, उरलेल्या दोघी एकत्र. सिरीजसाठी एका कॉइलची ‘लाल’ बाजू दुसऱ्या कॉइलच्या ‘काळ्या’ बाजूला. चुकलं तर कळतंच: आवाज पातळ, पत्र्यासारखा, खर्ज गायब.

पुढे नवीन हंबकर घेताना दोन प्रचलित कोड लक्षात असू द्या. सेमूर डंकनमधे काळी गरम, लाल-पांढरी एकत्र जोडायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमधे लाल गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की फेज उलटतो, ही नेहमीची चूक.

तांब्याचीतार यांच्या स्विचच्या सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवतो. नंतर जुन्या पद्धतीचा हंबकर घेऊन सिरीजमधे जोडाल, तेव्हा स्विचची दुसरी बाजू रेझिस्टरसाठी खर्च करू नका. खटका २ वर पूर्ण हंबकर आणि मधला सिंगल एकत्र वाजले की तो स्ट्रॅटचा ‘क्वॅक’ (पातळ, पोकळ आवाज) येत नाही. दुसऱ्या बाजूचा कॉमन अर्थला जोडा आणि मधल्या पिकअपच्या पायावर हंबकरचा जोड आणा, म्हणजे डंकनमधे लाल-पांढरी. खटका २ वर हंबकर आपोआप अर्धा होतो, १ वर पूर्ण राहतो. अर्धा झाल्यावर गुणगुण कटली नाही तर चुकीची कॉइल शिल्लक राहतेय. कॉमन अर्थऐवजी हंबकरच्याच गरम वायरीला, म्हणजे स्विचवरच्या ब्रिजच्या पायाला, न्या, दुसरी कॉइल शिल्लक राहील. आणि ४७० किलोओमचे दोन रेझिस्टर घ्या, एक मधल्याच्या पायावरून अर्थला, एक मानेच्या. तोटा एवढाच की खटका ४ वर दोन्ही लागून भार १६० किलोओमपर्यंत उतरतो. थोडा मऊ वाजतो, बहुतेकांना तो आवडतोच.

आता फिटिंगमधे काय बिघडतं ते. स्वस्त गिटारमधे पॉट १६ मिलिमीटरचे, छोट्या बुशचे असतात. सीटीएससारखे मोठे पॉट आणले तर त्यांची बुश साडेनऊ मिलिमीटर, पिकगार्डचं भोक कानशीनं वाढवावं लागतं आणि जुनी बटणंही दात वेगळे असल्यामुळे बसत नाहीत. घेताना ए५००के घ्या, बी नको. बी व्हॉल्यूमला १० पासून ३ पर्यंत फारसा फरक कळत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरॅड, कोड २२३, पॉलिएस्टरचा. ‘व्हिंटेज’ म्हणून विकतात त्या तेलकागदी कपॅसिटरला शंभरपट किंमत देऊ नका, मायक्रोफॅरॅडचा आकडा सारखा असेल तर पिकअपला काही कळत नाही. सिनेमातला बंद, गोलसर टोन हवा असेल तर मानेच्या पिकअपवर ४७३ करून पाहा.

पिकअप मागवण्याआधी पट्टी घेऊन पहिल्या आणि सहाव्या गाभ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. काही सिंगलमधे हे अंतर ५० मिलिमीटर असतं, काहींत ५२. तुमची झाकणं ५० ची आणि पिकअप ५२ चा असला तर झाकण घुसवताना गाभा सरकतो. जुन्या पद्धतीच्या पिकअपमधे तार थेट चुंबकावर गुंडाळलेली असते, गाभा हलला की ती तुटते. ४२ गेजची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, पुन्हा जोडता येत नाही असंच धरून चला. त्याच कारणानं गाभे हातोडीनं किंवा बोटानं खालीवर करू नका. हंबकरलाही हेच: स्ट्रॅट ब्रिजला रुंद अंतराचा प्रकार येतो, डंकन त्याला ट्रेमबकर म्हणतं.

उंचीचे स्क्रू जुन्या पिकअपसोबत इंची आटीचे येतात, तुमचे बहुतेक एम३. जबरदस्ती केली की आटे जातात. स्प्रिंग कमी पडली तर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दहा-बारा मिलिमीटर कापून घाला, उत्तम काम करते.

पॉटच्या पाठीवर अर्थ मारताना २५ वॅटची आयर्न पुरत नाही. पाठ तापेपर्यंत तुम्ही दहा-पंधरा सेकंद धरता आणि आतला कार्बन ट्रॅक जातो. ४० ते ६० वॅटची घ्या, पाठ आधी पॉलिश पेपरनं घासा, ६०/४० चा रोझिन कोअर सोल्डर ०.८ मिलिमीटरचा, तीन-चार सेकंदांत काम झालं पाहिजे. सोल्डर मण्यासारखा गोल, मळकट दिसला तर तो चिकटलेला नाही. महिनाभरानं खरखरेल.

तांब्याचीतार (छत्रपती संभाजीनगर)

दुरुस्ती मान्य. समांतरची कल्पना जास्त चांगली, बजेट त्यातच बसतं.

उंचीबद्दल कोणी बोललं नाही, आणि घरी वाजवणाऱ्याला ती सगळ्यात जास्त उपयोगी. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरा. तारेच्या खालच्या बाजूपासून गाभ्यापर्यंत मोजा. जुन्या पद्धतीच्या अल्निको ५ सिंगलला जाड तारेकडे २.४ मिलिमीटर, बारीक तारेकडे २.० ही सुरुवात. यापेक्षा वर आणलात तर चुंबक तारेला ओढतं, बाराव्या पट्टीच्या वर सगळ्यात जाड तार दोन सूर एकदम काढल्यासारखी डुगडुगते आणि ट्यूनर स्थिर होत नाही. लोक इंटोनेशन फिरवत बसतात, दोष उंचीचा असतो. मानेचा पिकअप तीन मिलिमीटरपर्यंत खाली नेलात तर घंटा आणखी मोकळी होते, कमी झालेला आवाज इंटरफेसवर भरून काढा. हंबकर सुरुवातीला ब्रिजकडे १.६ ठेवा आणि कानानं खाली न्या.

जुन्या पायरीदार उंचीच्या गाभ्यांची एक खोड असते. तिसऱ्या तारेचा गाभा उंच ठेवलाय, कारण त्या काळात तिसरी तार गुंडाळलेली असायची. आपली तिसरी साधी, म्हणून ती इतरांपेक्षा ओरडते. एसएसएल-१ मधेही हाच प्रकार. गाभा ठोकायचा नाही, वर ड्रायसोल्डर यांनी कारण सांगितलंच आहे. सपाट गाभ्यांचा सेट घ्या किंवा गुंडाळलेल्या तिसरीचा तारांचा सेट लावा. बेंड कमी आणि जुन्या ढंगाची रिदम जास्त वाजवत असाल तर दुसराच उपाय बरा.

बेंजोवाला (नांदेड)

पी-९० चा हट्ट मी सोडतो. पण तात्पुरता एक जुगाड करून बघा: नवीन मानेच्या सिंगलवर १०२ चा कपॅसिटर, टोन ७ वर, फझ हळू. ते नाकातलं बोलणं बरंच जवळ येतं.

गंजगोलाई_सहातारा (लातूर)

ठरलं मग. सपाट गाभ्यांचे दोन अल्निको ५ सिंगल, मधला उलट वळणाचा. ब्रिज आहे तोच, पुश-पुलवर सिरीज-समांतर. दोन ए५००के, दोन ४७० किलोओम, आणि ४७१, १०२, २२३, ४७३ प्रत्येकी दोन. एक शंका राहिली: ४७१ आणि १०२ आलटून पालटून वापरायचे तर स्विच कुठे टाकू? पिकगार्डला भोक पाडायचं नाही.

ड्रायसोल्डर (बीड)

टोनचा पॉटही पुश-पुलच घ्या. दोन पुश-पुल झाले: व्हॉल्यूमवरचा ब्रिजसाठी, टोनवरचा कपॅसिटरसाठी. त्याचा एक खांब वापरा: मधला पाय व्हॉल्यूमच्या गरम टोकाला, वरच्या पायावर १०२ अर्थला, खालच्यावर ४७१ अर्थला. दाबलेला असताना कोणता पाय जोडलेला असतो ते मीटरनं बघूनच सोल्डर करा. घेण्याआधी खोबणीची खोली मोजा. पुश-पुल साध्या पॉटपेक्षा बराच खोल असतो, आणि उथळ खोबणीत पिकगार्ड शेवटच्या दोन मिलिमीटरला अडतं.

पन्नास_हर्ट्झ (परभणी)

आणि तांब्याची टेप मारणार असाल तर पुश-पुलचे पाय तिला टेकणार नाहीत हे बघा. टेकले की गिटार मुकी होते. त्या पायांखाली टेपवर आधी इन्सुलेशन टेप.

गंजगोलाई_सहातारा (लातूर)

खोबण ३८ मिलिमीटर भरली. पार्सल मागवतोय.